दगड खाणारा पंप आणि सोपानराव

सोपानराव वाळुंज यांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी शहाळं पीत होतो आणि त्यांनी त्या शहाळ्याच्या भोकावर अंगठा दाबून धरला.

महाळुंग्याच्या आमच्या कंपनीत मी नुकताच रुजू झालो होतो. ऑफिसच्या इमारतीची देखभाल माझ्याकडे होती. म्हणजे दिवे, बाथरूम, झाडलोट, एसी आणि एसीबद्दलच्या तक्रारी. गेटबाहेर शहाळेवाल्यापाशी उभा होतो. खाकी कपड्यांतले, पन्नाशी कधीच ओलांडलेले, कानांत केस उगवलेले एक गृहस्थ शेजारी येऊन माझ्याकडे टक लावून बघायला लागले. जरा वेळानं म्हणाले, "साहेब, तुमाला वाटतंय तुमी पाणी ओढताय."

मी मान हलवली. तोंडात नळी असल्यावर माणूस आणखी काय करणार.

"तुमी ओढत न्हाई. तुमी तोंडात नुसती जागा करताय. वरची हवा पाण्याला ढकलतीय, म्हणून ते येतंय." एवढं बोलून त्यांनी नळीभोवतीची फट अंगठ्यानं गच्च बंद केली. "आता ओढा."

अनोळखी माणसानं असं काही सांगितलं तर ऐकू नये, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी ओढत राहिलो. गाल आत गेले, कानात दडे बसले, नळी चपटी झाली, पण पाण्याचा थेंब आला नाही. त्यांनी अंगठा काढला. पाणी एकदम घशात आलं आणि मला ठसका लागला. "पंपाचं बी आसंच हाय," असं म्हणून ते नावगाव न सांगता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी कळलं, हे आमचेच पंप ऑपरेटर. माझ्याच हाताखाली काम करणार होते. म्हणजे कागदावर तसं लिहिलेलं होतं.

सोपानराव मूळचे महाळुंग्याचेच. गावाभोवती कारखाने आले तेव्हा वाळुंजांच्या घरातला धाकटा भाऊ जमिनीच्या व्यवहारात शिरला. तो आता पांढऱ्या मोठ्या गाडीतून फिरतो, गळ्यात साखळी, चौकात वाढदिवसाचा फलक. थोरल्या सोपानरावांनी आयटीआय केलं आणि पंपापाशी जाऊन उभे राहिले, ते आजतागायत. भावाच्या फलकावर कोपऱ्यात त्यांचाही फोटो असतो. त्यात ते कॅमेऱ्याकडे बघत नाहीत. मागं कुठंतरी मोटर चालू असणार, असं मला नेहमी वाटतं.

त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं: पाण्यानं आपल्या पायानं यायला पाहिजे. पंप पाणी खेचतो, असं कुणी म्हटलं की त्यांच्या कपाळावर आठी पडे. पंप फक्त पुढं ढकलतो, मागून पाणी त्याच्यापर्यंत पोचवायचं काम आपलं. मध्ये जाळी तुंबली, टाकीत पाणी कमी पडलं, पाइपाला फार वळणं दिली, की पाणी अपुरं पोचतं. मग पंपाच्या तोंडाशी दाब इतका उतरतो की थंडगार पाणीसुद्धा उकळल्यासारखं बुडबुडे सोडतं. ते बुडबुडे आत जाऊन चाकावर फुटतात आणि फुटताना धातूचा कण कण उडवतात. आमचे इंजिनियर त्याला कॅव्हिटेशन म्हणतात आणि पुढच्या विषयाकडे वळतात. सोपानराव म्हणत, पंप दगड खातोय. आवाज खरोखरच तसा येतो, कुणीतरी आतमध्ये मूठ मूठ खडी टाकत असल्यासारखा.

हा आवाज त्यांना कुठंही ऐकू यायचा. रावेतला माझ्या घरी सत्यनारायण होता, सोपानरावांना बोलावलं होतं. ते आले, चप्पल काढली, देवाला नमस्कार केला आणि गायब झाले. प्रसाद संपत आला तरी पत्ता नाही. शेवटी बेसमेंटमध्ये सापडले, सोसायटीच्या पंपाशेजारी उकिडवे बसलेले. वॉचमन त्यांच्यासाठी बॅटरी धरून उभा होता. प्लंबरनं पंपाच्या मागचा व्हॉल्व्ह अर्धा बंद करून ठेवला होता, तो त्यांनी पूर्ण उघडला आणि गुडघ्यांना माती लावून वर शिरा खायला आले. आमच्या चेअरमनना चौथ्या मजल्यावर दोन वर्षं कमी पाणी येत होतं, ते त्या दिवसापासून पुरेसं यायला लागलं. सोसायटीत मला अजून "सोपानरावांचे साहेब" म्हणूनच ओळखतात.

चऱ्होलीला एका सहकाऱ्याच्या लग्नात तर ते मांडवात आलेच नाहीत. कार्यालयाच्या कारंज्याचा पंप दगड खात होता. अक्षता त्यांनी तिथूनच टाकल्या.

आता आमच्या नव्या इमारतीबद्दल सांगतो. कंपनीला एकदा वाटलं की परदेशी गिऱ्हाइकांना दाखवण्यासारखं ऑफिस हवं. मग काचेची चार मजली इमारत उभी राहिली. महाळुंग्याच्या उन्हात काचेची इमारत म्हणजे आत बसणाऱ्याला घाम आणि एसीला धाप. त्या एसीची उष्णता पाण्यातून बाहेर नेतात, मागच्या बाजूच्या एका मोठ्या टॉवरमध्ये ते पाणी गार करतात आणि पंपानं पुन्हा आत पाठवतात. सगळी इमारत त्या पंपाच्या जिवावर.

आमचे प्लँट हेड सबनीस साहेब. त्यांना टॉवर दिसायला आवडत नव्हता. ते म्हणाले, पाहुणा गेटमधून आत आला की त्याला आधी हिरवळ दिसली पाहिजे. मग टॉवर मागं खड्ड्यात नेला. पंप चढावर, छानशा दगडी खोलीत. दोघांच्या मध्ये सबनीस साहेबांची पार्किंगची जागा आणि एक नवं लॉन होतं, त्यामुळे पाइपाला सात वळणं द्यावी लागली. शिवाय टॉवरभोवती बोगनवेल लावली.

सोपानरावांनी पहिल्या दिवशी पाइपावरून बोट फिरवत सातही वळणं मोजली. मग माझ्याकडे आले आणि म्हणाले, हा पंप दगड खाणार. मी म्हटलं, सोपानराव, एवढे मोठे आर्किटेक्ट आहेत, त्यांनी विचार केला असेल. ते माझ्याकडे ज्या नजरेनं बघत राहिले, तशी नजर मी आधी फक्त गणिताच्या मास्तरांची बघितली होती.

तीन महिन्यांत पंप खडखडायला लागला. उघडला तर आतलं पितळी चाक वाळवी लागलेल्या दारासारखं झालं होतं. नवं चाक बसवलं. तेही गेलं. तिसरंही गेलं. सोपानरावांनी ती तिन्ही चाकं पंपरूमच्या खिडकीत ओळीनं मांडली. सबनीस साहेब एकदा तिकडून जाताना थांबले आणि म्हणाले, वा, काहीतरी आर्टिस्टिक केलंय.

मग पुण्याहून सल्लागार आले. त्यांनी पंपाला वायरी चिकटवल्या, लॅपटॉपवर रंगीत डोंगरदऱ्या दाखवल्या आणि तासभर बोलले. निष्कर्ष असा निघाला की आवाज ठरवलेल्या पातळीपेक्षा जास्त आहे. हे आमच्या माळ्यालाही माहीत होतं. उपाय म्हणून पंपाखाली रबर घातलं आणि पंपाभोवती आवाज बाहेर न जाऊ देणारी खोकी बांधली. त्यानंतर पंपाचा आवाज येईना. आवाज येईना म्हणून तक्रार येईना, तक्रार येईना म्हणून मीटिंगमध्ये तो विषय बंद झाला आणि मिनिट्समध्ये माझ्या नावापुढं हिरवा ठिपका आला.

सोपानरावांना मी ते मोठ्या समाधानानं सांगितलं. ते म्हणाले, "साहेब, पेशंट वरडत हुता. तुमी त्याच्या तोंडात बोळा कोंबलाय."

मला राग आला. खरं सांगायचं तर राग आला कारण त्यांचं बरोबर होतं आणि माझ्याकडे हिरवा ठिपका होता.

पुढे मे महिन्यात परदेशी पाहुणे यायचं ठरलं. मोठी ऑर्डर होती. ती मिळाली तर नवी लाइन टाकायची, नाही मिळाली तर ठेकेदारीवरची निम्मी माणसं कमी करायची, असं सगळे कुजबुजत होते. आठ दिवस आधीपासून रंगरंगोटी. त्यात सबनीस साहेबांच्या लक्षात आलं की टॉवरच्या हौदातून पाणी उडतं आणि नव्या फरशीवर डाग पडतात. त्यांनी हौदातली पातळी एक वीत उतरवायला सांगितली. माझ्या सहीनं ते काम झालं. सोपानराव माझ्या टेबलापाशी आले, आधीच पाणी पोचत नाही, त्यात पातळी उतरवू नका म्हणाले. मी म्हटलं, दोन दिवसांचा प्रश्न आहे. 

पाहुणे आले. सहा जण, त्यांत दोन बायका. त्यांना हिरवळ दिसली, कारंजं दिसलं, कपाळाला टिळे लागले, फेटे बांधले. चौथ्या मजल्यावर सबनीस साहेबांचं पर्यावरणावरचं भाषण सुरू झालं. निसर्गाशी मैत्री करणारी इमारत, हा मुद्दा चालू असताना एसी बंद पडला.

 दहा मिनिटांनी एका पाहुण्यानं फेटा काढला. मग दुसऱ्यानं कोट. सबनीस साहेब बोलता बोलता माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं, ते हसू मला अजून स्वप्नात दिसतं. काचेतून दुपारचं ऊन आत येत होतं. खिडक्या उघडत नव्हत्या. त्या उघडू नयेत म्हणून आम्ही ज्यादा खर्च केला होता.

मी जिना उतरून पळत पंपरूमकडे गेलो. सोपानरावांनी पंप आधीच बंद केला होता. ती आवाज कोंडणारी खोकी त्यांनी सोडवून बाजूला ठेवली होती आणि ते पाइपावरच्या जाळीचं झाकण खोलत होते. झाकण निघालं. आत हात घालून त्यांनी जे बाहेर काढलं ते गुलाबी होतं. बोगनवेलीच्या पाकळ्या. ओल्या, चिकट, ओंजळ ओंजळ. बादली भरली. मी ती हातात धरून उभा.

त्यांनी मला ओरडून काही सांगितलं नाही. शांतपणे एकेक काम देत गेले. कारंज्याच्या टाकीचं पाणी होजनं टॉवरच्या हौदात सोडायला लावलं. कारंजं बंद करायला माझी परवानगी लागते, ती त्यांनी मागितली नाही, मीही आठवण करून दिली नाही. हौद काठोकाठ भरला, फरशीवर पाणी वाहिलं. पंपात पाणी भरून त्यांनी आतली हवा बाहेर काढली. मग पंप सुरू करायच्या आधी पुढचा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद केला. मला राहवेना. म्हटलं, आधीच पाणी कमी पडतंय आणि तुम्ही वाट बंद करताय.

"पुढची मागणी कमी केली, की मागून येतंय तेवढ्यात भागतंय," ते म्हणाले. "मागची वाट कधी आवळायची न्हाई. पुढची आवळायची."

पंप सुरू झाला. पहिल्यांदा खडी वाजली. त्यांनी लांब पेचकसाचं टोक पंपाला लावलं, मूठ कानाला लावली आणि दुसऱ्या हातानं व्हॉल्व्ह हळूहळू फिरवत राहिले, रेडिओवर स्टेशन धरावं तसे. एका जागी खडी थांबली. राहिली ती नुसती घूं, एकसारखी. मी पहिल्यांदाच तो पंप निरोगी ऐकत होतो.

मी वर जाईपर्यंत हॉलमध्ये गार वारा सुटला होता. पाहुण्यांपैकी एक म्हातारा इंजिनियर मात्र भाषण सोडून माझ्याबरोबर खाली पंपरूममध्ये आला. त्यानं खिडकीतली तिन्ही चाकं उचलून पाहिली, सात वळणं पाहिली, सोपानरावांकडे पाहिलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. सोपानरावांनी बोटानं हवेत एक सरळ रेघ ओढली. म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि त्यांच्या तेलकट हाताशी हात मिळवला.

ऑर्डर मिळाली. ती पंपामुळे मिळाली असं मी म्हणणार नाही, पण पंपापायी गेली नाही, एवढं खरं. त्या म्हाताऱ्यानं जाताना सबनीस साहेबांना काय सांगितलं कोण जाणे, महिनाभरात पंप दगडी खोलीतून उचलून टॉवरशेजारी, हौदाच्या पातळीच्या खाली बसवला. पाइप जाड, आखूड आणि सरळ. पार्किंगची जागा गेली. बोगनवेल काढली. चौथं चाक बसवलं ते वर्ष झालं तरी खिडकीत आलेलं नाही.

या सगळ्याचा रीतसर अहवाल झाला. त्याला एक लांबलचक इंग्रजी नाव मिळालं. कल्पना सबनीस साहेबांची, विश्लेषण सल्लागारांचं, अंमलबजावणी माझी. शेवटच्या पानावर सहकार्य करणाऱ्यांची यादी होती, तिच्यात इलेक्ट्रिशियन आणि माळी यांच्यामध्ये वाळुंजांचं नाव होतं. मी तो अहवाल वाचला होता. सही करताना मला बरं वाटलं नाही, पण सही केली.

बक्षीस समारंभ शुक्रवारी दुपारी चारला ठरला. सोपानरावांची ड्यूटी साडेतीनला सुटायची. ते म्हणाले, शुक्रवारी जमणार नाही. मी म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, वर बोलावतील, टाळ्या वाजतील. नाही म्हणाले. सबनीस साहेबांना ते उद्धट वाटलं. मला वाटलं, अहवालाचा राग धरला असेल, आणि धरला असेल तर चूक काय. समारंभ झाला. सल्लागारांनी भाषण केलं. सोपानरावांचं सन्मानचिन्ह माझ्याकडे आलं, पोचवायला. त्यावर आडनाव चुकलेलं होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांना दोनदा द्यायचा प्रयत्न केला, दोन्ही वेळा ते घाईत निघाले होते. शेवटी पुन्हा शुक्रवार आला. मी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या बाई म्हणाल्या, आज घरी कसे असतील, आज डायलिसिस असतं ना. सोमवार, बुधवार, शुक्रवार. त्यांनी चिंचवडच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांना वाटलं असावं, मी कंपनीतला नसून चुकून आलेला कुणी आहे.

हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर एका लांब खोलीत ओळीनं पलंग आणि प्रत्येक पलंगाशेजारी एक मशीन. नळ्यांतून रक्त बाहेर येत होतं आणि परत जात होतं. प्रत्येक मशीनच्या तोंडावर एक छोटा पंप फिरत होता. मला वाटलं, सोपानराव त्याला कान लावून बसले असतील. ते मशीनकडे पाठ करून बसले होते. समोर पलंगावर त्यांच्या पत्नी, सुमनताई, अगदी किरकोळ, डावा हात उशीवर सरळ ठेवलेला. सोपानराव खाली वाकून हलक्या आवाजात काहीतरी सांगत होते आणि ताई हसत होत्या.

"आन् आमचं बिराजदार साहेब त्या पाकळ्यांची बादली घिऊन आसं हुबं, करवलीवानी," हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग त्यांना मी दिसलो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "ह्येच का त्ये?"

"व्हय," सोपानराव खाली बघत म्हणाले.

ताईंना सगळं माहीत होतं. सबनीस साहेबांचं लॉन माहीत होतं. सल्लागारांचा टाय माहीत होता. दुपारच्या जेवणानंतर मी सर्व्हर रूममध्ये गारव्याला जाऊन डुलकी काढतो, हे माझ्या बायकोला माहीत नाही, ते त्यांना माहीत होतं. चार वर्षं, आठवड्यातून तीनदा, चार चार तास. एवढा वेळ भरायचा तर किती माणसं लागत असतील. आमची अख्खी कंपनी तिथं त्या पलंगापाशी हजेरी लावत होती.

मी सोपानरावांना बाजूला विचारलं, कुणाला कधी सांगितलं का नाहीत. ड्यूटीत सवलत मिळाली असती, मी स्वतः प्रयत्न केला असता.

 ते म्हणाले, "सांगितलं आस्तं तर समद्यांनी तोंडं पाडली आस्ती. माझ्यासमोर हसायचं बंद झालं आस्तं. मग मी हिला यिऊन काय सांगू?"

आम्ही परत पलंगापाशी बसलो तेवढ्यात मशीन वाजायला लागलं. बारीक, टोचणारा आवाज. सोपानराव वळले नाहीत. फक्त पलंगाच्या कडेला ठेवलेली त्यांची बोटं आवळली गेली. सिस्टर आल्या, ताईंच्या हातावरची सुई जराशी सारखी केली, मशीनचा वेग थोडा उतरवला, आकड्यांकडे बघत उभ्या राहिल्या. आवाज थांबला. सोपानरावांनी श्वास सोडला. पुढचं सांगायला तोंड उघडलं, पण त्यांना काही आठवेना.

"सांगायचं सपलं वाटतं आज," ताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमचं गाव कंचं?"

मी म्हटलं, उदगीर. मला वाटलं तेवढ्यावर भागेल. त्या वाट बघत राहिल्या. अजून दोन तास होते. म्हणून मी सांगायला लागलो. तिसरीत असताना शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी झाड झालो होतो. काम एवढंच की उभं राहायचं. पण माझ्या अंगाला बांधलेल्या आंब्याच्या डहाळ्या खायला मागून एक शेळी स्टेजवर चढली. ताई तोंडावर पदर धरून हसल्या. मी सन्मानचिन्हाची पिशवी पायाशी ठेवली आणि शेळीचं पुढं काय झालं ते सांगत राहिलो. काही झालेलं आठवत नव्हतं, तिथं रचत गेलो.

मध्येच माझं लक्ष गेलं. सोपानराव स्टुलावर बसल्या बसल्या भिंतीला टेकून झोपले होते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. इतका दमलेला माणूस मी त्यांच्यात कधी पाहिला नव्हता. मी आवाज उतरवला आणि थांबलो.

ताईंनी मोकळ्या हाताचं बोट हलवलं. "थांबू नगा, भाऊ," त्या अगदी हळू म्हणाल्या. "बोलायचं थांबलं की जागं हुत्यात."

मग मी शेळीच्या मालकिणीला स्टेजवर आणलं.